पडद्यावरचे मुरगाव आणि इतिहासातले मुरगाव

बंगळुरूहून वास्कोला जाणारी गाडी कॅसल रॉकनंतर घाट उतरते आणि मुरगाव बंदराच्या दारात थांबते. सुट्टीत या गाडीने घरी जाणारे काही छात्र आपल्यात आहेत. त्यांच्या ओळखीचे बंदर म्हणून मी एका रविवारी ‘द सी वुल्व्हज’ हा १९८० चा इंग्रजी चित्रपट दाखवला. तो संपल्यावर नववीतल्या एका छात्राने विचारले, “सर, हे सगळं खरं घडलं?” मी पटकन “हो” म्हणालो. नंतर पडताळून पाहिले, तेव्हा माझे उत्तर अर्धेच बरोबर निघाले. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती.

घडले ते असे. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर काही जर्मन आणि इटालियन व्यापारी जहाजांनी मुरगावात आसरा घेतला. गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि पोर्तुगाल तटस्थ होता. ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावरच्या गुप्त बिनतारी यंत्रातून पाणबुड्यांना दोस्तांच्या जहाजांची माहिती जाते, असा ब्रिटिशांना संशय होता. तटस्थ बंदरात सैन्य उघडपणे पाठवता येईना. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स या स्वयंसेवक दलातल्या, एरवी व्यापार-नोकरी करणाऱ्या प्रौढ माणसांना निवडले गेले. ‘फीबी’ नावाच्या, गाळ वाहणाऱ्या साध्या बोटीतून ९ मार्च १९४३ च्या रात्री त्यांनी ‘एरेनफेल्स’वर छापा घातला. जहाजाचा कप्तान मारला गेला. जहाज हाती लागण्याआधीच खलाशांनी ते बुडवायला घेतले. बाकीच्या जहाजांवरही तेच झाले.

चित्रपटाचा हा गाभा खरा आहे. ग्रेगरी पेकने रंगवलेले लुईस प्यू हे खरे अधिकारी होते. पण रॉजर मूरच्या नायकाला भुलवणारी ती सुंदर हेर पटकथेची निर्मिती आहे. छाप्यामुळे समुद्रावरचा धोका टळला, असेही प्रेक्षकाला वाटते; प्रत्यक्षात त्याच वर्षी पुढे जर्मन पाणबुड्यांची नवी तुकडी हिंदी महासागरात उतरली.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट पडद्यावर नीट मावत नाही. ती म्हणजे मौन. या माणसांना पदक मिळाले नाही, जाहीर कौतुक झाले नाही. जेम्स लीझर यांचे ‘बोर्डिंग पार्टी’ हे पुस्तक १९७८ मध्ये आले, तोवर पस्तीस वर्षे ही हकिगत जगाला ठाऊक नव्हती. जीव धोक्यात घालणे अवघड खरेच. पण परत आल्यावर कुणालाही काही न सांगता रोजच्या कामाला लागणे त्याहून अवघड असावे.

आणखी एक प्रश्न मनात ठेवा. तटस्थ देशाच्या बंदरात घुसणे योग्य होते का? “शत्रू होता” एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. उद्या तुम्ही अधिकारी व्हाल तेव्हा हुकूम देण्याआधी असेच प्रश्न तुमच्यापुढे उभे राहतील.

स्वाध्याय : पुढचा युद्धपट पाहताना वहीत तीन रकाने आखा – घडलेले, घडले असावे असे, रचलेले. तिसरा रकाना भरला म्हणून चित्रपट वाईट ठरत नाही. मात्र पहिल्या रकान्यात लिहिलेली प्रत्येक ओळ दुसरीकडे पडताळून पाहा. नववीतल्या त्या छात्राला मी हेच आधी सांगायला हवे होते.