साखर, वय आणि हाडांचा चिवटपणा



गुऱ्हाळात रस आटताना काहिलीत रंग तांबूस होत जातो. त्यात साखर व प्रथिने यांच्या संयोगाचाही वाटा असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली ही क्रिया मांडली. तीच क्रिया, अगदी सावकाश, आपल्या अंगातही चालते.

हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. चुन्याने ते कठीण होते. चिवटपणा येतो तो कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांमुळे. रक्तातली साखर या धाग्यांत नको त्या गाठी बांधते. वयाबरोबर गाठी साठतात, मधुमेहात अधिकच. मग हाड वाळल्या उसासारखे, वाकण्याऐवजी मोडते. घनतेची तपासणी ठीक आली तरी खुबा मोडतो, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

मुलाकडे मीरा-भाईंदरला राहायला गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचे तर रानातले चालणेही सुटते आणि पायाखाली गुळगुळीत फरशी येते. त्यांनी रोज चालावे, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्यावी.

कारखान्याच्या पत्रिकेत हे कशाला, असे कोणी म्हणेल. सवलतीची साखर आपल्याच घरी येते, म्हणून! गुळाने रक्तातली साखर वाढत नाही, हा समजही खोटा आहे. मधुमेही सभासदांनी तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी रक्ततपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी.