आधी वर्गात उभं राहा, मग विमानात बसा

मे महिना लागला की माझ्या टेबलासमोरच्या खुर्च्यांवर आई-बाबा बसतात, आणि ज्याच्या आयुष्याबद्दल बोलायचं तो मुलगा दाराशी उभा राहून मोबाइलमध्ये बघत असतो. काही वर्षांपूर्वी आईबाबांच्या तोंडी कॅनडा असायचं. आता इंदूरच्या राजेंद्रनगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर, कुठूनही या, प्रश्न तोच असतो. "मॅडम, त्याचं इंग्रजी फर्डं आहे. इंग्रजी शिकवायला थायलंडला नाहीतर व्हिएतनामला पाठवलं तर तिकडे सेटल होईल ना?" सोबत एक छापील पत्रक असतं. त्यावर एकशेवीस तासांचा ऑनलाइन कोर्स, प्रमाणपत्र आणि नोकरीची हमी. मागे निळा समुद्र.

माझं उत्तर 'नाही' असं आहे. ते मी स्पष्ट देते, कारण गोडीगुलाबीनं दिलेला सल्ला घरी पोहोचेपर्यंत होकार होऊन बसतो.

मग मी मुलाला बोलावून खुर्चीत बसवते आणि म्हणते, "मला दहा मिनिटं शिकव. 'दार लाव' म्हणताना इंग्रजीत दाराआधी 'द' येतो, पण 'मला एक पेन दे' म्हणताना पेनाआधी 'अ' येतो. असं का, ते समजावून सांग. मी पाचवीतली मुलगी आहे असं समज." फडाफड इंग्रजी बोलणारी मुलंसुद्धा दुसऱ्याच मिनिटाला थांबतात. "तसंच बरोबर वाटतं," असं म्हणतात. भाषा येणं आणि भाषा शिकवता येणं यात हेच अंतर आहे. परदेशातल्या वर्गात चाळीस पोरं समोर बसलेली असताना ते अंतर पहिल्याच दिवशी उघडं पडतं.

पत्रकावर जे छापलेलं नसतं ते आधी सांगते. दक्षिण कोरियाचा भाषा-शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक करारानं भारतीयांसाठी एक अरुंद दार उघडलं, पण त्यातून आत जायलाही शिक्षकाची अधिकृत पात्रता लागते. चीनमध्येही इंग्रजी ज्यांची मातृभाषा त्यांनाच पहिली पसंती. शिवाय जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं खासगी शिकवण्यांवर जी कुऱ्हाड चालवली, तिच्याखाली हा धंदाच आक्रसला. जपानमध्ये शाळेत इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा हवा तर स्वतःचं बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं दाखवावं लागतं. उरले थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया. तिथे भारतीय शिक्षक आहेत आणि चांगलं कामही करतात. पण पदवी, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, वकिलातीचे शिक्के आणि इंग्रजीच्या प्रावीण्याचा पुरावा यातलं बहुतेक काही त्यांना चुकलेलं नाही.

एजंट काय सांगतो? "आधी जाऊ द्या, परमिट तिथे गेल्यावर होतं." थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून हे वाक्य फारच सहज बोललं जातं. पर्यटक म्हणून शिरून वर्गात उभं राहणं हा तिथे गुन्हा आहे. त्याची शिक्षा एजंटला होत नाही, मुलाला होते. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला थायलंडमधल्या बनावट नोकऱ्यांबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता. शिकलेली पोरं बँकॉकच्या नोकरीसाठी म्हणून निघाली आणि सीमा ओलांडून म्यानमारमध्ये, सायबर फसवणूक करणाऱ्या टोळ्यांच्या कोंडवाड्यात पोहोचली. त्या नोकऱ्या बहुतेक संगणकाच्या होत्या, शिक्षकाच्या नव्हत्या. पण आमिष दाखवण्याची रीत हीच होती. म्हणून एजंटला पहिला प्रश्न विचारा: सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तुमची नोंदणी आहे का? नोंदणीकृत एजंटनं उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा तीस हजार रुपये अधिक जीएसटी इतकी ठरलेली आहे. कुणी दोन लाख मागत असेल तर उठून या. चहासुद्धा संपवू नका.

आता माझा स्वतःचा आग्रह सांगते. याला कंटाळवाणा म्हणणारे पालक मला दर आठवड्याला भेटतात. बी.एड. करा. त्यानंतर किमान दोन वर्षं इथल्याच एखाद्या शाळेत शिकवा. मग बाहेर जाण्याचा विचार करा.

बी.एड. म्हटलं की घरात एक विशिष्ट शांतता पसरते. "मुलगा आहे हो तो," असं एका आईनं मला तोंडावर सांगितलं. जणू शिक्षकी पेशा म्हणजे मुलींनी लग्न होईपर्यंत धरायची जागा. या समजुतीनं आपल्या शहरातल्या कितीतरी चांगल्या शिक्षकांना वर्गापर्यंत पोहोचूच दिलं नाही, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. भारतातून शिक्षक बाहेर जाण्याची परंपरा फार जुनी आहे. इटालियन सैन्य १९४१ मध्ये इथिओपियातून हटल्यावर हैले सेलासी यांनी शाळा पुन्हा उभ्या करायला भारतातून शिक्षक बोलावले, आणि पुढची कित्येक दशकं ते जात राहिले. भूताननं इंग्रजी माध्यमाच्या शाळा उभारल्या त्याही भारतीय शिक्षकांच्या खांद्यावर. हे लोक उच्चार सुंदर म्हणून गेले नव्हते. त्यांना वर्ग सांभाळता येत होता, फळा लिहिता येत होता, उत्तरपत्रिका तपासता येत होत्या.

आजही भारतीय पासपोर्टवर शिक्षक म्हणून जायचा सगळ्यात पक्का रस्ता आखाती देशांतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांमधून जातो. दुबई, मस्कत, कुवेत, दोहा इथे सीबीएसईच्या शाळा आहेत. तिथे इंग्रजीच्या शिक्षकाकडे पदवी, बी.एड. आणि अनुभव मागतात, मातृभाषा विचारत नाहीत. नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून मुलाखती हिवाळ्यात होतात. मे महिन्यात माझ्याकडे धावत येऊन त्या वर्षीचं काहीच हाती लागत नाही. मालदीवच्या बेटांवरच्या शाळांमध्येही भारतीय शिक्षक वर्षानुवर्षं आहेत. बारावीनंतरच ठरवलं असेल तर भोपाळला श्यामला हिल्सवरच्या रिजनल इन्स्टिट्यूटमध्ये चार वर्षांत पदवी आणि बी.एड. एकत्र होतं. पदवी हातात असेल तर आपल्या अहिल्या विद्यापीठाचं दोन वर्षांचं बी.एड. आहे. हैदराबादचं इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ १९५८ साली इंग्रजीचे शिक्षक घडवायलाच सुरू झालं, आणि तिथे कित्येक देशांचे लोक इंग्रजी शिकायला येतात. इंग्रजी शिकायला लोक भारतात येतात, ही गोष्ट आमच्या घराघरांत कुणाला ठाऊक नसते.

प्रौढांना शिकवायचंच असेल तर केंब्रिजचा सेल्टा हा कोर्स मला मान्य आहे. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास शिकवावं लागतं आणि परीक्षक मागे बसून बघतात. पत्रकावरच्या एकशेवीस तासांत बहुधा एकही जिवंत विद्यार्थी नसतो.

आपल्या इंदूरच्या मराठी मुलाजवळ एक भांडवल असतं, ते त्याला कुणी सांगत नाही. तो घरात मराठी बोलतो, छप्पन दुकानावर हिंदीत "भिया" करतो आणि शाळेत इंग्रजी शिकलेला असतो. दुसरी भाषा डोक्यात कशी शिरते आणि कुठे अडते, हे त्यानं स्वतः भोगलेलं आहे. मराठीत 'अ' आणि 'द' नाहीत, हिंदीत नाहीत. थाई, व्हिएतनामी, जपानी, कोरियन या भाषांतही नाहीत. लंडनच्या माणसाला ते न शिकता येतं, म्हणून ते का अडतं हे त्याला लवकर कळत नाही. आपल्या पोराला कळू शकतं, पण त्यानं त्यावर विचार केला असेल तरच. मी दहा मिनिटांची परीक्षा घेते ती याच विचारासाठी.

कागदांचं थोडक्यात. पदवीवर आधी राज्याच्या खात्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. ओमानसारखा देश त्यापुढे ॲपोस्टिल मानतो, अमिरातीसाठी मात्र त्यांच्या वकिलातीचा शिक्का वेगळा. मराठी घरांची एक खास अडचण असते ती नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव मधे नाही, पदवीवर आहे, पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. हे सगळं आजच एका टेबलावर मांडून जुळवा. पगाराच्या आकड्यापेक्षा करारातलं मूळ वेतन बघा. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला एकवीस दिवसांच्या मूळ वेतनावर मोजतात. भत्ते फुगवून मूळ वेतन बारीक ठेवलं असेल तर नुकसान शेवटी कळतं. आणि पासपोर्ट कायम स्वतःच्या बॅगेत ठेवा.

'सेटल' या शब्दावर मी पालकांना नेहमी थांबवते. शिक्षकाचा करार एका-दोन वर्षांचा असतो. आखातात तीस वर्षं शिकवलं तरी एक दिवस परत यायचंच असतं. तिथे रुळणं म्हणजे घर घेणं नव्हे. कुकरची शिट्टी, शेजाऱ्याचं नाव, भाजीचा बाजार, सुटीच्या दिवशी भेटायला चार माणसं, एवढं जमलं की माणूस रुळला. पहिले तीन महिने वाईट जातात, हे प्रत्येकाला आधी सांगायला हवं. आवाज बसतो, पोरं ऐकत नाहीत, संध्याकाळी खोली खायला उठते. थायलंडला गेलेल्या एका विद्यार्थिनीनं मला सांगितलं होतं की तिला आधार वाटला तो एका गुरुवारी. तिथे शिक्षकाला 'खरू' म्हणतात. तो शब्द आपल्याच 'गुरू'चा आहे. वर्षातून एकदा शाळेत गुरुवंदनाचा सोहळा होतो, तोही बहुतेक गुरुवारीच. मुलं फुलं घेऊन समोर गुडघे टेकतात. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं की आपण इथे कुणीतरी आहोत. पण तिच्याकडे दोन वर्षांचा शाळेचा अनुभव होता. त्याच्याशिवाय ती त्या गुरुवारपर्यंत टिकली नसती, हे तिचंच म्हणणं.

आता आईबाबांशी बोलायचं आहे. मुलानं नको म्हटलं तरी तुम्ही त्याला परदेशी ढकलताय का, हे आधी एकमेकांना विचारा. मी हे वारंवार बघते. मुलगा म्हणतो, "मला इथेच बँकेची परीक्षा द्यायची आहे," आणि बाबा माझ्याकडे बघून म्हणतात, "त्याला कळत नाही." मेहुण्याचा मुलगा जर्मनीत, शेजारच्यांची मुलगी पुण्याहून अमेरिकेत, म्हणून आपला निदान बँकॉकला तरी. सानंद संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात सांगायला काहीतरी हवं, यासाठी पोराचं वर्ष पणाला लावू नका. तो निघायच्या आधी नातेवाइकांना पेढे वाटू नका. गणपतीत सगळ्यांसमोर त्याचा सत्कार करू नका. ज्या दिवशी तुम्ही गावाला सांगता, त्या दिवशी त्याच्या परतीच्या रस्त्यावर कुंपण पडतं. मग शाळेनं दोन महिन्यांचा पगार थकवला तरी तो फोनवर "मजेत आहे" म्हणतो. आजारी पडला तरी सांगत नाही. मला असा एक फोन अकरा महिन्यांनी आला होता, रात्री दीड वाजता, आणि तो आईला न करता मला केला होता. आई हे ऐकून सहन करणार नाही, असं त्याला वाटत होतं. खरं तर आईनं दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं असतं.

कर्ज काढून पाठवू नका. एफडी मोडून एजंटला देऊ नका. त्याऐवजी एक खातं उघडा, फक्त त्याच्या नावाचं. त्यात परतीच्या तिकिटाचे आणि तीन महिन्यांच्या खर्चाचे पैसे ठेवा. ते वापरायला त्याला तुमची परवानगी लागता कामा नये. त्याची खोली भाड्यानं देऊ नका, पलंग हलवू नका. आणि ते पैसे कशासाठी आहेत, हे विमानतळावर घाईत सांगू नका. या रविवारी, पोहे खाताना, तो समोर बसलेला असताना सांगा.