नव्वद दिवसांचा दाखला

खराडी, पुणे

चि. मेघना,


सोमवारपासून तू इथल्या साइटवर रुजू होणार, हे ताईने कळवलं. सळई, काँक्रीट, ड्रॉइंग यातलं तुला मी काय सांगणार? पण माझी सगळी नोकरी ठेकेदारांकडे हजेरीचं मस्टर लिहिण्यात गेली, म्हणून तेवढ्यापुरतं मनातलं लिहितो.

खराडी 1997 साली महापालिकेत आली, तेव्हा इथे मुळा-मुठेच्या काठाने शेतं होती. आज ईऑन आयटी पार्कच्या इमारतींत देशभरची मुलं नोकरी करतात आणि त्यांना भाड्याने फ्लॅट द्यायला आपण उत्सुक असतो. त्याच इमारतींचे स्लॅब ज्यांनी भरले, ते बिहारमधल्या कटिहारचे नाहीतर नांदेडचे गडी दिसले की मात्र लोक त्यांना 'बाहेरचे' म्हणतात. हे मला मुळीच पटत नाही. देशात कुठेही राहण्याचा आणि कामधंदा करण्याचा हक्क संविधानाच्या 19व्या कलमाने दोघांनाही सारखाच दिला आहे. जो इथे राबतो तो इथला, हे धरूनच साइटवर पाऊल टाक.

तुझ्या हातात एक मोठी गोष्ट असेल. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला, मागच्या वर्षभरात किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर घेतात तो याच मंडळासाठी. म्हणजे पैसा कामगाराच्या नावाने जमतो आणि पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या त्या माणसाला पत्ताच नसतो. नोंदणी असेल तर पोरांच्या शिक्षणाला मदत मिळते, बाळंतपणाला मिळते, कामावर मृत्यू ओढवला तर वारसाला 5 लाख मिळतात. दाखला मागितला की ठेकेदार कां कूं करतात. कारण सही केली की हा माणूस आपल्याकडे कामाला होता हे कागदावर येतं, आणि मग बाकीच्या जबाबदाऱ्याही अंगावर येतात. तू त्यांच्या मागे लाग. नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, तेही बघ. मात्र ज्याने एक दिवसही घमेलं उचललेलं नाही, त्याच्या दाखल्यावर कुणी कितीही गळ घातली तरी सही होऊ देऊ नकोस. खोटी नावं घुसली की खऱ्या कामगाराच्या अर्जाकडेही संशयाने पाहतात.

आता हजेरी. जून 2019 मध्ये कोंढव्यात भिंत कोसळून 15 जण गेले. फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्या शेजारी, येरवड्याच्या शास्त्रीनगरात, स्लॅबची जाळी कोसळून 5 गेले. बहुतेक बिहारचे मजूर. अशा वेळी मस्टरवर नाव नसेल, तर आपला माणूस इथे कामाला होता हे सिद्ध करण्यापासूनच घरच्यांची वणवण सुरू होते. म्हणून हजेरी रोजच्या रोज, ज्याची त्याच्या नावाने. 'मुकादम अधिक 12' असली नोंद चालवून घेऊ नकोस.

आता खर्ची. आठवड्याला हातखर्चापुरते पैसे द्यायचे आणि बाकीचा हिशेब गावी जाताना करायचा, ही रीत तुला दिसेल. त्या शेवटच्या हिशेबात उचल, खाडे, खोलीचं भाडं असं काय काय कापलं जातं आणि गाडीची वेळ झालेला माणूस भांडत बसत नाही. किती दिवस भरले आणि किती खर्ची घेतली, हे प्रत्येकाच्या स्वतःच्या वहीत लिहून त्यावर मुकादमाची सही घ्यायला लाव. पुरुष बिगारी आणि बाई बिगारी असे दोन दर दिसले तर गप्प बसू नकोस. समान कामाला समान मोबदला हा कायदा 1976 सालीच झाला, आणि वाळूचं घमेलं बाईच्या डोक्यावर हलकं होत नाही.

कुणाकडे दुसऱ्या राज्याचं रेशनकार्ड असेल तर त्यावरचं धान्य इथल्या दुकानातही घेता येतं, हे बायकांना आवर्जून सांग. कित्येकींना ते ठाऊक नसतं.

वरिष्ठ म्हणतील, हे इंजिनिअरचं काम नव्हे. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण हे काम सोडू नकोस. दाखल्याचा नमुना माझ्याकडे आहे. रविवारी जेवायला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
मामा