गुडघा वाकला तर वाकू दे

नवी चटई आणलीस, रंग झकास आहे. पण फरशीवर घसरते का, ते आधी बघ. मी 54 व्या वर्षी सुरुवात केली ती विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात, घडी घातलेल्या सतरंजीवर. आणि तिसऱ्याच दिवशी कंबरेत उसण भरून घरी आले. शेजारची बाई पश्चिमोत्तानासनात नाक गुडघ्याला टेकवत होती, मग मी कशी मागे राहीन! पुढे आठ दिवस पाठीशी उशी आणि तुझ्या आजोबांच्या हातचा चहा. दुखणं परवडलं.

तर त्या आसनाचं नीट ऐक. पाय लांब करून बसलं की आपली कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो. म्हणून बुडाखाली चादरीची जाड घडी घ्यायची. पंचा तळपायांना अडकवून दोन्ही टोकं हातात धरायची आणि वाकायचं ते खुब्यातून. पोट मांडीकडे न्यायचं, डोकं नव्हे. गुडघा वाकतोय? वाकू दे. पुण्याच्या अय्यंगार गुरुजींनी पट्टे, विटा, खुर्च्या आसनांत आणल्या त्या काय हौस म्हणून?

पुरे कुठे म्हणायचं, ते श्वास सांगतो. श्वास अडकला, दात आवळले गेले की बोटभर मागे यायचं. पतंजलींनी आसनाला दोनच अटी घातल्या, स्थिर हवं आणि सुखाचं हवं. नाक टेकवायचं कुठेच म्हटलेलं नाही.

ताडासन सोपं म्हणून उरकू नकोस. तुझ्या जुन्या चपला उलट्या करून बघ. एकाच बाजूने झिजल्यात ना? तिकडेच भार टाकतेस. टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ, तिन्हीवर सारखं वजन यायला हवं. वृक्षासन भिंतीशेजारी कर. तळपाय मांडीपर्यंत पोचला नाही तर पोटरीला लाव, पण गुडघ्याला कधीच नाही. त्याला आडवा दाब सोसत नाही. भुजंगासनात हातांनी रेटतेस का, हे कळायची खूण म्हणजे तळवे क्षणभर जमिनीवरून उचलायचे. छाती होती तिथेच राहिली तर पाठीच्या बळावर उठलीस.

जेवल्यावर तीन-चार तास जाऊ देत. वज्रासन तेवढं जेवून लगेच चालतं, गुडघे कुरकुरत नसतील तर. आणि तुझी आई रक्तदाबाची गोळी घेते, तिला डोकं खाली-पाय वर असलं काही शिकवायला जाऊ नकोस.

शवासन गाळायचं नाही. पाच मिनिटं दे, घोरलीस तरी चालेल. उठताना मात्र झटक्यात बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, मग हात टेकून सावकाश.

माझं अंग सकाळी आखडलेलं असतं, म्हणून मी संध्याकाळी करते, दिवेलागणीच्या आधी. येणार असशील तर पंचा तुझा तू आण.