खण पावसाळ्यात अडकू नयेत म्हणून

प्रश्न : पत्नीच्या दागिन्यांसाठी घरीच सागवानी कपाटिका करीत आहे. रत्नागिरीच्या दमट हवेत तिचे खण अडकू नयेत, यासाठी काय करावे?

उत्तर : आर्द्रतेने लाकूड फुगते ते रेषांच्या आडव्या दिशेने, लांबीत जवळजवळ नाहीच, हे ध्यानी घेऊन खणाच्या बाजू मुरलेल्या सागाच्या व दर्शनी फळीशी दाते पाडून सांधलेल्या, आणि तळ मात्र सरस न लावता खाचेत मोकळा बसविलेला, अशी तजवीज केल्यास निम्मे काम फत्ते झाले म्हणावे. खणाच्या वर दीड-दोन मिलिमीटर फट राखावी. काम उन्हाळ्यात चालले असेल तर किंचित अधिक. अस्तर सुती मखमलीचे घ्यावे, कारण लोकरीतील गंधकाने चांदी काळवंडते. नाजूक कुलपाचा सोस व्यर्थ आहे; चोर अशी कपाटिका सबंधच उचलून नेतो. मौल्यवान ऐवज बँकेतच ठेवावा.