पद्मिनी घाटात का थांबते?

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. पण कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या या गाड्या हौशी मालकांच्या दारात अजून उभ्या आहेत. 1089 सीसीचे इंजिन, मागे टाकी, इंजिनाच्या अंगाला यांत्रिक पंप आणि वर कार्ब्युरेटर. ना सेन्सर, ना संगणक. त्यामुळे बिघाड झाला की डॅशबोर्डवर कसलाही इशारा दिसत नाही. तो माणसालाच शोधावा लागतो.

अशाच एका पद्मिनीभोवती मामा-भाचीची चर्चा चालली होती. मामाने आयुष्य गॅरेजमध्ये काढलेले, भाची इंजिनिअरिंगला. तिच्या आजोबांची ही गाडी सपाट रस्त्यावर छान पळायची, पण खंडाळ्याच्या चढावर आचके देत बंद पडायची. पाच-दहा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू.

“कार्ब्युरेटर साफ करून झालाय, मामा. तरी तेच.”

“मग त्याला सोड. गाडी बंद पडली की सगळे आधी त्याच्यावरच तुटून पडतात. तू मला एवढंच सांग, बंद पडते त्या क्षणी स्पार्क असतो का?”

भाची गप्प. हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता.

“तापल्यावर दगा देणारा कंडेन्सर असला तरी हुबेहूब असंच होतं. गाडी गार झाली की चालू. म्हणून बंद पडल्या पडल्या स्पार्क बघायचा. तो निळा, जोरदार असेल, तर मग पेट्रोलच्या मागे लागायचं.”

स्पार्क ठीक निघाला. मामाने एअर क्लीनर काढायला सांगितला. काही कार्ब्युरेटरना ॲक्सिलरेटर पंप असतो. तिथे इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हाताने झटकन उघडला की आत पेट्रोलची बारीक धार दिसते. धार आली, तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे. असा पंप नसेल, तर चेंबरचे झाकण उघडून पाहायचे.

चेंबर जवळपास रिकामे होते.

“म्हणजे चेंबरमध्ये पेट्रोल सोडणारी नीडल अडकली?”

“अडकू शकते. पण नीडल उघडी अडकली तर उलटं होतं. पेट्रोल ओसंडतं, काळा धूर येतो, प्लग काजळतात. फ्लोटला भोक पडून तो बुडाला तरी तसंच. फ्लोट कानाशी हलवून बघायचा, आत पेट्रोल डुचमळलं तर बदलायचा. इथे चेंबर कोरडं आहे, तेव्हा मागे चल.”

यांत्रिक पंपाला गॅरेजवाले ‘एसी पंप’ म्हणतात. कॅमशाफ्टच्या जोरावर त्याचा डायफ्राम वरखाली होतो, म्हणजे क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे एक धक्का. मामाने इंजिन पूर्ण गार होऊ दिले, कॉइलची वायर काढून ठेवली आणि पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारी नळी एका डब्यात सोडली. अग्निशामक हाताशी ठेवला.

“मार सेल्फ.”

प्रत्येक धक्क्याला ठसठशीत पिचकारी यायला हवी होती. आली ती मलूल, बुडबुड्यांनी भरलेली.

“पंप गेला!” भाची म्हणाली.

“घाई नको. पंप खराब आहे की पंपाला पेट्रोलच मिळत नाही, हे अजून कुठे कळलंय? आधी ऑईलची दांडी काढ आणि वास घे.”

डायफ्राम फाटला की पेट्रोल सम्पमध्ये उतरू शकते. मग ऑईलची पातळी वाढते आणि दांडीला पेट्रोलचा वास येतो. इथे वास नव्हता. मग मामाने टाकीकडून येणारी नळी पंपापासून सोडवली आणि पंपाला वेगळ्या कॅनमधून पेट्रोल दिले. पुन्हा सेल्फ. या वेळी पिचकारी जोरात आली, एकही बुडबुडा नाही.

“म्हणजे पंप निर्दोष! दोष पंप ते टाकी यांच्यामध्ये.”

“आता खरी इंजिनिअर बोलली. अर्धी गाडी आपण वगळली. उरलं काय?”

तिने यादी केली: टाकीच्या झाकणातले हवेचे बंद झालेले छिद्र, तुंबलेली जाळी, फुटलेली नळी, आणि वेपर लॉक, म्हणजे उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होणे. वेपर लॉक तिने स्वतःच खोडले, कारण गाडी जानेवारीच्या पहाटेही बंद पडली होती. उन्हाळ्यात संशय आला तर पंपावर ओले फडके टाकून फरक पडतो का, हे पाहण्याची जुनी पद्धत आजही कामाची आहे. झाकणाचे छिद्र बुजले असते, तर टाकीत निर्वात पोकळी तयार झाली असती आणि झाकण उघडताना हवा सूं करत आत शिरली असती. तसे काही झाले नव्हते.

“नळी फुटली असती तर खाली पेट्रोल ठिबकलं असतं ना?”

“पंपाच्या पुढची नळी असती तर ठिबकलं असतं. ही ओढीची बाजू आहे. उसाच्या रसाच्या स्ट्रॉला वर भोक पडलं की रस सांडत नाही, नुसती हवा तोंडात येते. सपाटीवर थोडक्यात भागतं. चढावर इंजिन जास्त मागतं, चेंबर रिकामं होतं. गाडी थांबली की सेल्फ मारमारून ते पुन्हा भरतं.”

गाडी जॅकवर घेऊन घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, टेकवली. टाकीजवळच्या रबरी नळीच्या तुकड्यावर क्लिपच्या कडेने बारीक चिरा गेल्या होत्या.

जुन्या रबराचे असे होण्यामागे वय आहेच, पण आता इंधनही आहे. 2023 पासून पेट्रोल पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. पद्मिनीच्या काळातले रबर आणि डायफ्राम त्यासाठी बनलेले नव्हते. इथेनॉल ओलावा शोषते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत गंजाची भीती वाढते. शिवाय पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. म्हणून कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर मिश्रण किंचित पातळ पडते.

“मग जेटचं भोक तारेने थोडं मोठं करू?”

“तार लावायची नाही! पितळ मऊ असतं, भोक एकदा वाकडं झालं की जेट कचऱ्यात. हवा मारायची, बस.”

जुनी कार्ब्युरेटरची गाडी बाळगणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर एकदा टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या तपासाव्यात आणि चिरलेल्या किंवा कडक झालेल्या नळ्यांच्या जागी इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्यात. कार्ब्युरेटर खोलायची वेळ त्यानंतर.