संगणकाच्या मर्यादा संगणकालाच विचाराव्यात

पारोळा तालुक्यातील गावोगावच्या कपाशीच्या पेऱ्याच्या नोंदी एकाच मोठ्या यादीत आहेत आणि त्यांतून प्रत्येक गावाची स्वतंत्र फाइल तयार करावयाची आहे, असे समजू. पायथन भाषेत लिहिलेला एक लहानसा प्रोग्राम यादीतील एकेक ओळ वाचतो, नवे गाव आले की त्याची फाइल उघडतो आणि ती अखेरपर्यंत उघडीच ठेवतो. तालुक्यापुरते हे काम निर्वेध पार पडते. तोच प्रोग्राम जळगाव जिल्ह्यातील सुमारे दीड हजार गावांसाठी चालविला, तर मात्र तो मध्येच थांबण्याचा संभव असतो.

हा दोष यादीचा नव्हे व भाषेचाही नव्हे. फाइल उघडण्याचे काम प्रोग्राम स्वतः करीत नाही. त्यासाठी तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागणी करतो. लिनक्समध्ये एका प्रोग्रामला एका वेळी साधारणतः १,०२४ फाइली उघड्या ठेवण्याची मुभा असते. त्यांपैकी तीन जागा माहिती घेणे, देणे व चुका कळविणे यांसाठी आरंभीच व्यापलेल्या असतात. चौथी मूळ यादी अडविते. म्हणजे १,०२१ व्या गावाला नकार मिळतो. यातील खरा धोका वेगळाच आहे. तोवर तयार झालेल्या फाइली वरकरणी पूर्ण दिसतात. परंतु यादीच्या न वाचलेल्या भागात त्याच गावांच्या उरलेल्या नोंदी असू शकतात. एखाद्या शेतकऱ्याचा पेरा त्यातून गळला, तर फाइल पाहून ते कोणाच्याही ध्यानात येणार नाही.

ही मर्यादा आधी विचारून घेता येते. पायथनच्या ‘रिसोर्स’ मॉड्यूलमधील ‘गेटआरलिमिट’ दोन आकडे देते. पहिली मर्यादा सध्या लागू असलेली. ती दुसऱ्या आकड्यापर्यंत प्रोग्रामला स्वतः वाढविता येते. दुसरी वाढविण्यास मात्र विशेष अधिकार लागतो. तथापि मर्यादा वाढविण्यापेक्षा यादी आधी गावांच्या क्रमाने लावून एका वेळी एकच फाइल उघडणे केव्हाही श्रेयस्कर.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी. लिनक्सवरील नेहमीच्या फाइल व्यवस्थांत नावाची कमाल लांबी २५५ बाइट असते व ‘ओएस’ मॉड्यूलमधील ‘पाथकॉन्फ’ ती सांगते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना-मात्राही स्वतंत्र मोजल्या जातात. ‘पारोळा’ या तीन अक्षरांत सहा चिन्हे, म्हणून अठरा बाइट. या हिशेबाने संपूर्ण नाव ८५ चिन्हांत बसवावे लागते. गाव, तालुका, हंगाम व वर्ष एकाच नावात कोंबण्याची हौस येथे महागात पडते.

विंडोजवर ‘रिसोर्स’ मॉड्यूल उपलब्धच नसते. त्यामुळे दोन्हीकडे चालवावयाच्या प्रोग्रामने प्रथम ‘प्लॅटफॉर्म’ मॉड्यूलकडून सिस्टीमचे नाव विचारून घ्यावे आणि मगच पुढील प्रश्न करावा.